ओला गोटा खोटं बोलतो

किनाऱ्यावरून खिसे भरून आणलेले गोटे दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचे नसतात. काल लाटेतून उचलताना जो गडद हिरवा होता आणि ज्याच्यातली पांढरी रेघ कोरल्यासारखी दिसत होती तोच आज नुसता राखाडी, वरून खडू फासल्यासारखा. मी कित्येक वर्षं हेच करत आले, आणायचे, वाळले की हिरमुसायचं आणि मग कुंडीत टाकायचे. कुंड्यांमध्ये मातीपेक्षा गोटे जास्त झाले तेव्हा आई म्हणाली, "अगं झाडं लावतेस की दगड?"

हे असं का होतं ते समजलं आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागला. गोटा हाताला कितीही गुळगुळीत लागला तरी त्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक खड्डे आणि ओरखडे असतात, प्रकाश त्यावर पडला की तो दहा दिशांना फुटतो आणि तो विखुरलेला पांढुरका प्रकाश आतल्या रंगावर धुक्यासारखा पसरतो. पाणी काय करतं तर ते खड्डे भरून टाकतं. वर एक सपाट काचेसारखा थर तयार होतो, प्रकाश सरळ आत जातो, रंग घेऊन बाहेर येतो. म्हणजे रंग कुठेही गेलेला नसतो, फक्त झाकला जातो. पॉलिश करणं म्हणजे वर काही लावणं नाहीच मुळी, ते खड्डे इतके बारीक करत जायचं की प्रकाशाला ते जाणवणारच नाहीत. पाण्याचं काम पाण्याशिवाय, एवढंच.

अर्थात हे कळायच्या आधी मी नेलपॉलिशचा प्रयोग केलेला आहे. पारदर्शक. पहिल्या दिवशी काय दिसले गोटे, आहाहा, सगळ्यांना दाखवत फिरले. काही महिन्यांत पिवळट पडले आणि कडेने पापुद्रे सुटायला लागले. तेल पण लावून बघितलं, त्याला धूळ चिकटते आणि गोट्याला केस आल्यासारखे दिसतात. असो.

तर टम्बलर, म्हणजे गोटे पॉलिश करायचं यंत्र. नाव भारी आहे पण वस्तू साधी, दोन आडवे दांडे, त्यातला एक मोटरने फिरतो, वर एक रबरी डबा आडवा ठेवायचा ज्याला बॅरल म्हणतात. बॅरलमध्ये गोटे, पाणी आणि ग्रिट म्हणजे धारदार पूड. बॅरल हळूहळू फिरतं, गोटे भिंतीला धरून वर चढतात आणि वरून एकमेकांवर घसरत खाली येतात, आणि त्या घसरण्यात मध्ये अडकलेली पूड त्यांना घासते. सगळं काम त्या घसरण्याचं. म्हणून बॅरल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरलेलं लागतं, कमी भरलं तर गोटे घसरत नाहीत, पडतात, आणि पडले की टवके उडतात, जास्त भरलं तर हलतच नाहीत. पाणी वरच्या गोट्यांच्या जरा खाली राहील एवढंच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय ही म्हण कुणाच्या ओठावर आली असेल तर ती इथे चालत नाही बरं का, टाकी वगैरे काही नाही, सगळे दगडच एकमेकांना घासून घासून वठणीवर आणतात, जरा एकत्र कुटुंबासारखंच.

आणि आवाज. हे आधी कुणीच सांगत नाही. रबरी बॅरल असेल तर घरघर, प्लास्टिकचं असेल तर खडखडखडखड, आणि ते चोवीस तास, आठवडेच्या आठवडे. मशीन बंद करून झोपायची सोय नाही असं नाही, पण मग सगळंच लांबतं आणि बराच वेळ बंद राहिलं तर आतला चिखल खाली बसून घट्ट होतो. आईने दोन रात्री सहन केलं, तिसऱ्या रात्री विचारलं हे यंत्र कधी बंद होतं की नाही गं. म्हटलं, "होतं ना, महिनाभराने." तेव्हापासून ते बाल्कनीत एका खोक्यात आहे, खाली जुनी सतरंजी घातलेली आणि मोटरला हवा लागावी म्हणून खोक्याला मोठी भोकं पाडलेली.

माझी पहिली बॅच म्हणजे फजिती. सुंदर दिसणारा प्रत्येक गोटा मी त्यात घातला. लाल, हिरवा, पांढरा, पट्ट्यांचा, ठिपक्यांचा, एक तर हृदयाच्या आकाराचा. आठवड्याने झाकण उघडलं तर राखाडी चिखल, आणि त्यात हात घालून चाचपलं तर अर्धे गोटे गायबच. वालुकाश्माचा होता तो परत वाळू झाला होता. पट्ट्यांचा होता त्याची पट्टीपट्टीने पानं सुटली. हृदयाचं बटण झालं. आणि दोन तीन गारगोट्या मात्र जशाच्या तशा, जणू आत्ताच आल्यात.

दगडापेक्षा वीट मऊ असं आपण म्हणतो पण दगडादगडात केवढा फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. कोणता खनिज कोणाला ओरखडा काढतो यावरून फ्रिडरिश मोस या माणसाने १८१२ मध्ये १ ते १० अशी उतरंड लावली, तळाला टाल्क, माथ्यावर हिरा. किनाऱ्यावरच्या गोट्यांसाठी त्यातले तीन आकडे पाठ असले की झालं. कॅल्साइट ३, म्हणजे चुनखडी, संगमरवर, शिंपल्यांचे झिजलेले तुकडे. फेल्डस्पार, म्हणजे ग्रॅनाइटसारख्या दगडांतलं एक खनिज, ६. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, ७, आणि अगेट, जास्पर, चर्ट, फ्लिंट हे सगळे तिचेच भाऊबंद त्यामुळे तेही तिथेच आसपास. एका बॅरलमध्ये ३ आणि ७ एकत्र घातले की सातवाला तीनवाल्याला खाणार, यात मशीनचा काही दोष नाही. दोष बायको-नवऱ्याच्या पत्रिकेसारखा, आधी जुळवून बघायला पाहिजे.

जुळवायचं कसं, तर मी आता तीन गोष्टी करते. एक जुनी काचेची बाटली घरात ठेवलीये, तिच्यावर गोट्याची कड दाबून ओढायची. काच साधारण साडेपाच, तेव्हा काचेवर खरा ओरखडा उठला (बोटाने पुसून बघायचं, कधीकधी दगडाचीच पूड काचेला लागलेली असते आणि आपण उगाच खूश होतो) तर गोटा कामाचा. दुसरं म्हणजे व्हिनेगरचा थेंब. बारीक बुडबुडे आले तर आत कॅल्साइट, बाजूला ठेवायचा, आधी पृष्ठभाग जरा खरवडून मग थेंब टाकला तर जास्त नीट कळतं. आणि तिसरी परीक्षा नुसती डोळ्यांची. गोटा वाळवायचा, पूर्ण कोरडा करायचा, आणि कोरडाच बघायचा. ओला गोटा खोटं बोलतो. ओलेपणात भेगा दिसत नाहीत, बुडबुड्यांची भोकं दिसत नाहीत. कोरडा केला की सगळं बाहेर येतं, आणि ज्याला भेग आहे तो बॅरलमध्ये दोन आठवड्यांनी फुटणारच, आणि फुटला की त्याच्या धारदार कडा बाकीच्यांना ओरबाडणार. म्हणून किनाऱ्यावर मी आता पाण्यातले गोटे उचलतच नाही, भरतीच्या रेषेच्या वर जे उन्हात वाळत पडलेले असतात तिथे बसते. तिथे जो कोरडा असूनही जरा मेणचट चमकतो आणि उन्हासमोर धरला की कडेने उजेड आरपार येतो, तो बहुतेक वेळा अगेट निघतो.

मऊ गोटे वाईट असतात असं मात्र नाही. अमेरिकेत मिशिगनच्या तळ्यांकाठी पेटोस्की नावाचा दगड सापडतो, षटकोनी नक्षीचा, तो म्हणजे साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळाचा जीवाश्म, १९६५ मध्ये त्याला त्या राज्याचा अधिकृत दगड केलं. आणि तो कॅल्साइट! त्यामुळे तिथले लोक तो सहसा टम्बलरमध्ये न घालता हातानेच घासतात, वॉटर पेपर ओला करून, आधी जाड मग बारीक मग आणखी बारीक, आणि शेवटी पॉलिश लावलेल्या कापडावर. मी माझ्या चुनखडीच्या गोट्यांवर तसं करून बघितलं, एका संध्याकाळी एक गोटा होतो, आणि खरं सांगू का, मशीनपेक्षा त्यात जीव जास्त रमतो. मशीन बंद पडलं तरी छंद बंद पडायचं कारण नाही.

ग्रॅनाइटचा मला अजून राग आहे. किनाऱ्यावर काय देखणा दिसतो, गुलाबी पांढरा काळा. पण तो एक दगड नाहीच, ती खिचडी आहे, क्वार्ट्झ ७, फेल्डस्पार ६ आणि मधे अभ्रक जेमतेम अडीच तीन. घासायला लागलं की अभ्रक आधी झिजतं, तिथे खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पुढच्या टप्प्याची पूड लपून बसते. चमक येते पण देवीचे व्रण असल्यासारखी. काळ्या बेसाल्टचंही तसंच, तो लाव्हारस थंड होताना वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, वरून घासत गेलं की एक भोक जातं तर खालून दुसरं उघडं पडतं. एकदम घट्ट बारीक पोताचा मिळाला तर ठीक, नाहीतर नाद सोडा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे पहिला टप्पा. चार टप्पे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, साधारण ६०/९० ची जाड पूड, मग १५०/२२० ची, मग ५०० ची आणि शेवटी पॉलिश. (हा आकडा म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती भोकं, म्हणून आकडा मोठा तेवढी पूड बारीक.) आणि खोक्यावर लिहिलेलं असतं प्रत्येक टप्पा एक आठवडा. इथेच सगळे फसतात, मी तर चार वेळा फसले. पहिल्या टप्प्याचं काम आकार देणं आहे. भेगा, खड्डे, खाचा सगळं पहिल्यातच संपायला हवं, कारण पुढचा कुठलाही टप्पा खड्डा घालवत नाही, तो फक्त आधीच्या टप्प्याचे ओरखडे घालवतो. २२० ने ६० चे ओरखडे, ५०० ने २२० चे. दुसऱ्यात गेलेला खड्डा चौथ्यातून खड्डा म्हणूनच बाहेर येतो, फक्त चमकणारा खड्डा. त्यामुळे पहिला टप्पा आठवड्याचा नसतो, तो दगड म्हणेल तितका. माझे बरेचसे तीन चार आठवडे घेतात. दर आठवड्याला उघडायचं, धुवायचं, वाळवायचं, एकेक गोटा उजेडात फिरवून बघायचा, झाला तो एका बरणीत, नाही झाला तो परत आत, नवीन ग्रिट, आणि जागा भरायला एखादा नवा गोटा. हा आठवड्याचा तासभर म्हणजे माझ्यासाठी खरा छंद, बाकी सगळं मोटर करते.

नवीन ग्रिट का लागतं, तर जुनं संपलेलं असतं. ही पूड सिलिकॉन कार्बाइडची, कडकपणा नऊच्या वर, १८९१ मध्ये एडवर्ड अ‍ॅचेसन नावाचा अमेरिकन कृत्रिम हिरे करायला गेला आणि हाताला हे लागलं. तिचा गुण असा की ती ठिसूळ आहे, कण मोडतो आणि मोडला की पुन्हा धारदार कड तयार होते, म्हणजे बोथट न होता लहान लहान होत जाते. आठवड्यात ६० ची पूड मोडत मोडत इतकी बारीक होते की तिच्या हातून आकार देण्याचं काम होत नाही. बोटांच्या चिमटीत चिखल घेऊन चोळायचा, करकर लागली तर अजून जीव आहे, नुसता मऊ लागला तर संपलं. तीन पौंडाच्या बॅरलला म्हणजे सव्वा ते दीड किलोला मी चार मोठे चमचे घालते.

आणि एक दिवस असाच चिखल चोळत बसले असताना मला एकदम वाटलं की अरे समुद्र पण तर हेच करतो की, पाणी आहे, वाळू आहे, गोटे आहेत, दिवसरात्र घासणं चालू आहे आणि आपल्यापेक्षा लाखो वर्षं जास्त हाताशी आहेत, मग समुद्रातून गोटे चकचकीत होऊन का नाही बाहेर पडत? तर समुद्र ग्रिट बदलत नाही ना! तो कायमचा पहिल्या टप्प्यात आहे. वाळू तीच, जाड, आणि वर लाटांचा मार, गोटा गोट्यावर आपटतो. गारगोटीचा गोटा भिंगाखाली धरा, तिच्यावर नखाने टोचल्यासारख्या छोट्या चंद्रकोरी दिसतील, त्या त्या आपटण्याच्या खुणा. आकार समुद्राइतका सुंदर आपल्याला जमत नाही, हे कबूल. पण पुढे तो जातच नाही. तेव्हापासून मी किनाऱ्यावरच्या छान गोल गोट्यांना उगाच रगडत नाही, त्यांचा पहिला टप्पा बराचसा झालेला असतो, फक्त त्या चंद्रकोरी गेल्या की पुरे.

दुसरा तिसरा टप्पा, काही सांगण्यासारखं नाही. चालू करायचं, विसरायचं. पण मधली धुलाई मात्र जीव लावून करायची. ६० चा एक कण पॉलिशमध्ये गेला की आठवडाभर तो एकटा सगळ्यांवर रेघोट्या मारत फिरतो. माझी एक आख्खी बॅच अशी गेली, एका गोट्याच्या बारीकशा खाचेत ते कण बसलेले होते, जुन्या टूथब्रशने घासूनही निघाले नव्हते. आता खाच असलेला गोटा पुढे जातच नाही, आणि पॉलिशला मी वेगळं बॅरल ठेवलंय. प्रत्येक टप्प्यानंतर साबणाची पूड आणि पाणी घालून दोन तीन तास नुसतं फिरवायचं, तेवढ्यानेच किती घाण निघते बघा.

शेवटचं पॉलिश म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पिठासारखी पूड. इथे गोट्यांना गादी लागते, आपटून चालत नाही, म्हणून लहान सिरॅमिकचे तुकडे सोबत घालतात, काही जण प्लास्टिकचे दाणे घालतात पण त्यांना कायम जपून गाळावं लागतं आणि ते नाल्यातून वाहत गेलेले मला नकोत, म्हणून सिरॅमिक. ५०० च्या टप्प्यातून निघालेला गोटा कोरडा असताना मंद रेशमी दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पॉलिश घालून काही होत नाही, परत मागे जायचं. मागे जायला लाज वाटते पण जायचं.

दोन चुका माझ्या नावावर आणखी आहेत त्या सांगून टाकते. पहिली म्हणजे पहिल्या बॅचचा चिखल मी मोरीत ओतला. तो दगडाचाच पिठूळ गाळ, पाइपात खाली बसला की सिमेंटसारखा होतो, प्लंबरने आतून जे काढलं ते त्याने मला हातात देऊन विचारलं ताई हे काय आहे. काय सांगणार. आता बादलीत बसू देते, वरचं पाणी झाडांच्या कडेला, गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात. ओला असतानाच हे महत्त्वाचं, कारण वाळला की त्याची धूळ उडते आणि ती धूळ म्हणजे सिलिका, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. बॅरलमध्ये सगळं ओलं असतं तोवर भीती नाही, पण वाळलेला गाळ झाडूने झाडायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचा. दुसरी चूक, नवीन बॅच घातली आणि मी चार दिवस बॅरल उघडलंच नाही, आत वायू साठला आणि पहाटे साडेचारला झाकण उडालं. राखाडी चिखल बाल्कनीच्या छतापर्यंत. आईने दार उघडून बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं, ते जास्त लागलं. आता नवीन बॅच असली की पहिले काही दिवस रोज एकदा झाकण सैल करून वायू सोडते.

आणि हो, उचलण्याबद्दल. किनाऱ्यावरचे गोटे म्हणजे कुणाचेच नाहीत असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी न्यायला बंदी असते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर चेसिल बीच आहे, २९ किलोमीटर लांब नुसता गोट्यांचा बांध, पश्चिम टोकाला वाटाण्याएवढे आणि पूर्वेकडे जाता जाता मुठीएवढे होत जातात, असं सांगतात की कोळी लोक रात्री अंधारात होडी लागली की हाताने गोटे चाचपून कुठे आलो ते ओळखायचे. तिथून लोकांनी पिशव्या भरभरून नेले असते तर तो हिशोबच बिघडला असता, आणि तो बांध मागच्या जमिनीला समुद्रापासून वाचवतो ते वेगळंच. तिथे उचलायचे नाहीत. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगच्या काचेच्या किनाऱ्यावर तर उलटी गंमत, ती गावाची कचरा टाकायची जागा होती, १९६७ मध्ये बंद केली, काचा लाटांनी घासून घासून मण्यांसारख्या झाल्या आणि आता तिथून काच उचलायला मनाई. कचरा जपावा लागतो! तर जिथे जाल तिथली पाटी वाचा, आणि परवानगी असली तरी मी स्वतःला एक ओंजळ एवढीच मुभा देते. ओंजळ भरली की नवीन हवा असेल तर एक खाली ठेवायचा. याने निवड सुधारते, खरंच, घरी येऊन दहा टाकण्यापेक्षा तिथेच दहा टाकलेले बरे.

सध्या बॅरलमध्ये सातव्या आठवड्याचा एक तांबडा जास्पर आहे. त्याच्या एका बाजूला मोहरीएवढा खड्डा, पाचव्या आठवड्यातही होता, सहाव्यातही होता, दर वेळी वाटतं आता गेला आणि वाळवला की परत दिसतो. सोबतचे सगळे पुढे जाऊन पॉलिश होऊन बरणीत बसले. काल आईने तो हातात घेतला, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "अजून एक आठवडा." म्हटलं बरं.